वाटा आणि पाळी

श्रावणात आमच्या गावच्या देवळात सप्ताह असतो. नाव सप्ताह, पण असतो चोवीस तासांचाच. वास्कोच्या दामोदराचाही तेवढाच, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा. भजन म्हणायचं आणि चोवीस तास ते थांबू द्यायचं नाही, एवढाच नियम. आमच्याकडे त्यासाठी दोन-दोन तासांच्या बारा पाळ्या आहेत. कुठली पाळी कुठल्या वाड्याची, हे माझ्या आजोबांच्या आधीपासून ठरलेलं. आमच्या वाड्याला रात्रीचे दोन ते चार. ज्याने कोणी हे ठरवलं त्याचं आणि आमच्या वाड्याचं फारसं जमत नसावं.

चार वर्षांमागे आमच्यानंतरची पाळी वेळेवर आलीच नाही. पाऊस असा की चौकातून समोरची दीपमाळ दिसेना. चार वाजले, सव्वाचार झाले. आम्ही सहाजण होतो. दोघे सकाळी कामावर जायचं म्हणून निघून गेले होते, एकजण खांबाला टेकून झोपला होता. उरलो तिघे. पखवाजावर चुलतभाऊ, पेटीवर शेजारचा बारावीतला मुलगा, आणि झांज घेऊन मी, ज्याला सुरात गाता येत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. येत होते ते अभंग संपले, मग नुसतं 'विठ्ठल विठ्ठल'. पावणेपाचला पुढच्या वाड्यातला एकजण ओलाचिंब, हातातली विजेरी तशीच चालू ठेवून आत आला. काही बोलला नाही. माझ्या हातातली झांज घेतली आणि सुरू झाला. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेही दुसऱ्याच कोणाकडून.

त्याच देवळाच्या महाजनांची, म्हणजे वंशाने हक्क आलेल्या सभासदांची, सर्वसाधारण सभा गेल्या वर्षी रविवारी दुपारी साडेतीनला होती. यादीवर नावं तीनशेच्या वर. गणसंख्या भरली नाही, म्हणून अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवली आणि अकराजणांनी वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर केलं. त्या अकरांत चारजण समितीवरचेच होते.

माणसं तीच, देऊळ तेच, 'आमचं देऊळ' म्हणताना चढणारा आवाजही तोच. मग पुराच्या पाण्यातून पहाटे पावणेपाचला येणारा माणूस कोरड्या रविवारी दुपारी का येत नाही?

मला वाटतं, सामायिक मालकीबद्दल बोलताना आपण गोव्यात एक चूक सतत करतो. आपण वाटा मोजतो. यादीत नाव आहे की नाही, हक्क कोणाचा, मान कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावर आपण मामलेदारापासून हायकोर्टापर्यंत जातो. पण संस्था धरून ठेवते ती पाळी. वाटा सगळ्यांचा असतो, म्हणून तो कोणाला रात्री झोपेतून उठवत नाही. पाळी नाव घेऊन येते: हा दिवस, ही वेळ, हे घर. ती चुकली तर कोणाची चुकली हे सांगावं लागत नाही.

गावकरी, म्हणजे गावाची जमीन मूळ वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी (गावकरांनी) सामायिक सांभाळायची संस्था, आजची कोमुनिदाद, पोर्तुगीजांनी आणली नाही. त्यांनी ती लिहून घेतली. 1526 साली अफोंसो मेशियाने तिसवाडीच्या गावकरांच्या चालीरीतींचा जो फोराल, म्हणजे लेखी दस्तऐवज, तयार केला, त्याच्या सुरुवातीलाच एक हकीकत आहे. फार पूर्वी चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली आणि मग वस्ती वाढली. हकीकत खरी की दंतकथा, हा प्रश्न बाजूला ठेवू. गावकरांना आपल्या हक्काचं मूळ कुठे आहे असं वाटत होतं, ते तीत दिसतं. राजाने सनद दिली असं ते सांगत नाहीत. घाम गाळला असं सांगतात.

आणि ती जमीन साधी नव्हती. तिसवाडी, बार्देश, साष्टी, फोंड्याचा नदीकाठ, इथली खाजनं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे. माती, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांच्या बांधाने ती नदीपासून तोडून घेतलेली. बांधात मानस: लाकडी दारं, जी भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी (लिलाव) व्हायची आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागायचा. शेतं पावणीने लावायची, त्यातून सारा भरायचा, देवळाचा (आणि पुढे चर्चचा) खर्च, कारकुनाचा पगार, बांध, आणि उरलं ते गावकरांत माणशी वाटायचं. त्या वाट्याचं नावच 'जण'. पोर्तुगीज कागदांत त्याचा 'जोनो' झाला. वर्ष तुटीचं गेलं तर तूटही वाटून घ्यायची.

या व्यवस्थेचा चिवटपणा बहुतेक अभ्यासक गावकरीच्या नियमांत शोधतात. मी तो बांधात शोधतो. बांधाला एकट्याचं शेत कळत नाही. माझ्या शेतासमोर भोक पडलं तर तुझं भात खारं होतं, आणि तुझ्या आळसाने माझं. अशा ठिकाणी पाळी टाळणं म्हणजे स्वतःच्याच ताटात मीठ ओतणं होतं. सेवेच्या बदल्यात तोडून दिलेल्या नमशीन जमिनीही त्याच हिशेबातल्या: काम करतोस तोवर जमीन खा.

मग हे सुटलं कुठे? सगळा दोष 1961 नंतरच्या सरकारांवर टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. पोर्तुगीजांच्या काळात कसं सगळं शिस्तीत होतं, असं सांगणारी माणसं प्रत्येक गावात दोन-तीन असतात. पण सरकारी हात कितीतरी आधीपासून आत आलेला होता. देवस्थानांसाठी 1886 सालीच महाजनकीचं रेगुलामेंत (नियमावली) आलं, 1933 साली ते नव्याने केलं गेलं, आणि मामलेदार देवस्थानांचा प्रशासक झाला. तो आजही आहे. कोमुनिदादींची संहिता 15 एप्रिल 1961 ची. तिला आठ महिने आणि चार दिवस झाले आणि ती करणारं सरकारच गोव्यातून गेलं. संहिता राहिली. जमीन लावायची, पैसा खर्चायचा, वाद मिटवायचा, जवळपास प्रत्येक वळणावर तिच्यात प्रशासकाचं दार आहे. गावकरी सुरू झाली मालक म्हणून आणि उरली अर्जदार म्हणून.

त्यानंतर कूळ कायदा आला, 1964 साली. पुढे 1976 च्या दुरुस्तीने कुळं जमिनीची मालक झाली. आमच्या आजोबांकडे कुळाचंच शेत होतं, त्यामुळे या कायद्याविरुद्ध माझ्याकडून एक शब्दही निघणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या जो नांगर धरतो त्याला जमीन मिळाली हे न्यायाचंच झालं. फक्त एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेत कसणाऱ्याला गेलं, पण शेत राखणाऱ्या बांधाची पाळी नेमकी कोणाकडे गेली, हे कोणाच्याच अंगवळणी पडलं नाही. कोमुनिदादीने हात काढून घेतला, कारण आता उत्पन्न तिचं नव्हतं. कुळांसाठी 1975 साली खास नियम झाले, त्यांचं नावच मुळी कुळांच्या 'संयुक्त जबाबदारी'चे नियम. त्यानुसार कूळसंघ स्थापन झाले. मानशीच्या पावणीचा पैसा संघाकडे येऊ लागला आणि बांधाचा प्रश्न सरकारी मदतीच्या फाईलकडे गेला.

संयुक्त जबाबदारी म्हणजे प्रत्यक्षात काय झालं, ते एका प्रसंगापुरतं सांगतो. आमच्या खाजनाच्या बांधाला आषाढातल्या अमावास्येच्या उधाणात गळती लागली. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागलं की त्याचा आवाज येतो, बारीक, माठ पाझरावा तसा. पूर्वी उधाणाच्या रात्री एका घरातला माणूस बांधावरून फिरायचा. असा आवाज आला की चिखल आणि पेंढ्याचा बोळा पायाने दाबून बसवायचा, पाच मिनिटांचं काम. या वेळी ते दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी नजरेस पडलं. त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. पंचाला, सरपंचाला, आमदाराच्या माणसाला उद्देशून पन्नासेक निरोप झाले. फोटो चांगला आला होता, हे मान्य केलं पाहिजे. तिसऱ्या भरतीला बांध फुटला. दोन वर्षं तिथे भात नाही, आणि आता कांदळाची रोपं गुडघ्यावर आली आहेत. ती आणखी वाढली की तोडणं कायद्याने गुन्हा, म्हणजे ते शेत शेत म्हणून संपलंच. निरोप पाठवणाऱ्यांत मीही होतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा जुनं ते सोनं म्हणणारा दिसतो. नाही. त्या सोन्यात भरपूर पितळ होतं आणि ते कोणाच्या गळ्यात घातलं होतं हेही आपल्याला माहीत आहे. गावच्या व्यवस्थेत वाटा एका जातीचा आणि पाळी दुसऱ्या जातीची, अशी सरळ वाटणी होती. महाराने हाक घालायची, कुंभाराने मडकी द्यायची, भाविणीने दिवा लावायचा, कलावंतिणीने पालखीपुढे नाचायचं. पाळी चुकवायची सोय नाही आणि महाजनांच्या यादीत नाव नाही. नुसता वाटा माणसाला आयतखाऊ करतो, पण नुसती पाळी म्हणजे वेठ. देवळांच्या सेवेत पिढ्या घालवलेल्या त्या स्त्रियांच्या मुलाबाळांनी पुढे 'गोमंतक मराठा समाज' ही स्वतःची संस्था उभारली, ती त्यामुळेच मला गोव्यातल्या मोजक्या खऱ्या सामायिक संस्थांपैकी एक वाटते. तिथे राबणारे आणि मालक एकच होते.

बायकांचं तर विचारूच नये. बहुतेक कोमुनिदादींत जण आजही बापाकडून मुलाकडे जातो. गंमत अशी की घरची मिळकत वाटताना गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीचा आणि मुलाचा वाटा सारखा आहे, आणि आपण देशभर त्याचा डंका पिटतो. त्याच मुलीचं नाव गावकरीच्या वहीत चढत नाही. गावातच लग्न करून राहिलेली, शेतात उतरणारी, बांधावर टोपली उचललेली बाई बाहेरची. आणि जन्मापासून अंधेरीला राहिलेला, गाव फक्त चवथीला पाहणारा तिचा भाऊ गावकर.

याला उतारा म्हणून सहकाराकडे बोट दाखवलं जातं. सहकारात जात नाही, वंश नाही, शेअरचे पैसे भरा आणि सभासद व्हा. दार सताड उघडं. पण पाळी तिथेही नाही. मी एका पतसंस्थेचा सभासद आहे, नाव सांगत नाही. वार्षिक सभेला भेटवस्तू मिळते: एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ, एका वर्षी स्टीलचा डबा. दारात सही करून डबा घ्यायचा, चहा प्यायचा, आणि अहवाल वाचायला सुरुवात झाली की गाडी काढायची. डब्याचं झाकण नीट बसत नाही, यावर मात्र त्या दिवशी पार्किंगमध्ये चांगली चर्चा झाली होती. 2020 साली रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बनचा परवाना रद्द केला, 2021 साली मडगाव अर्बनचा. हजारो सभासद असलेल्या, म्हणजे कागदावर हजारो मालक असलेल्या बँका. आणि मालक रांगेत उभे होते, स्वतःच्याच दुकानाचं दार उघडायची वाट पाहत.

उलट फोंड्याची गोवा बागायतदार पाहा. तिथला सभासद सुपारी घालायला येतो, काजू घालायला येतो, आणि जाताना त्याच संस्थेच्या दुकानातून साखर-तेल घेऊन जातो. दर पडला तर त्याला त्याच दिवशी कळतं, वजनात फरक पडला तर तो तिथेच बोलतो. पाळीचंच हे एक रूप आहे असं मी मानतो: संस्थेच्या दारात आपला माल घेऊन पुन्हा पुन्हा यावं लागणं. ज्या सहकारी संस्थेत सभासदाला वर्षात एकदाच जावं लागतं, आणि तेही डबा आणायला, तिला सामायिक मालकीचं नाव देऊ नये. ती बँकच आहे. तिच्यावर बँकेसारखीच देखरेख हवी, आणि 'आपली संस्था' हा शब्द तिने जाहिरातीत वापरू नये.

आता कोमुनिदादींच्या जमिनीवरून पेटलेल्या वादाकडे येतो. 2025 साली विधानसभेने कोमुनिदादींच्या जमिनीवरची जुनी घरं नियमित करता यावीत म्हणून संहितेत दुरुस्ती केली. गावकर संतापले. मालमत्ता आमची आणि दानधर्म सरकारचा, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. पण मी त्यांना दुसरा सवाल विचारीन. ही घरं एका रात्रीत उगवली नाहीत. पाया खणला गेला, चिऱ्यांचा ट्रक आला, भिंती चढल्या, वीज आली. त्या सगळ्या महिन्यांत त्या टेकडीवर चक्कर मारायची पाळी कोणाची होती? कोणाचीच नव्हती. काही ठिकाणी तर कुंपणाची फट आतूनच दाखवली गेली, हे गावागावांत कुजबुजत बोललं जातं. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षं मालकाचं पाऊल पडत नाही, ती कागदावर कोणाचीही असो, गावाच्या मनात ती ओसाडच असते. फोरालमधली ती चार माणसंही ओसाड जमिनीवरच आली होती.

म्हणून मला जे म्हणायचंय ते गावकरांनाही आवडणार नाही आणि गावकरी मोडायला निघालेल्यांनाही. वाटा आणि मत यांची फारकत करावी. जण ज्याचा आहे त्याचा राहू दे, वंशाने आलेला आहे तर वंशात जाऊ दे. तसाही बऱ्याच ठिकाणी तो आता बसभाड्याइतकाच उरला आहे. पण जमीन कोणाला द्यायची, समिती कोणाची, बांध-तळी-टेकडी यांचं काय करायचं, यावरचं मत पाळीने मिळवावं. सलग काही वर्षं बांधाची, तळ्याची, टेकडीची नेमून दिलेली पाळी ज्याने केली, त्याला मत. मग ती गावकराची मुलगी असो, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार असो, वीस वर्षांपूर्वी येऊन राहिलेला आणि इथेच मरणार असलेला 'भायला' असो. आणि तेवढीच वर्षं ज्याने पाळी चुकवली त्याला जण मिळत राहील, मत नाही.

राजकारणी आपली माणसं भरतील, हा यावरचा पहिला आक्षेप. भरू देत. मतदानाला ट्रकात भरून माणसं आणता येतात. आषाढातल्या उधाणाला रात्री दोन वाजता बांधावर, ओळीने पाच वर्षं, आणून दाखवावीत. आलीच तर बांध तरी टिकेल. दुसरा आक्षेप, म्हाताऱ्यांनी आणि परदेशी गेलेल्यांनी काय करायचं. त्यांनी बदली द्यावी, सप्ताहात देतात तशी. सप्ताहात कोणी विचारत नाही की हा कोणाचा कोण. झांज वाजली म्हणजे झालं. तिसरा आक्षेप खरा जड आहे: उपरे बहुसंख्य झाले तर गावाचं गावपण जाईल. यावर माझ्याकडे फक्त कुंकळ्ळीचं उत्तर आहे. तिथल्या बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या शिगम्यात फातर्प्याच्या शांतादुर्गेच्या मिरवणुकीत असतात. सोळाव्या शतकात धर्म बदलला, देवी गाव सोडून गेली, 1583 च्या उठावात रक्त सांडलं. तरीही ख्रिस्ती झालेल्या वांगड्यांचा त्या छत्र्यांशी संबंध तुटलेला नाही. देवळावरचा हक्क कधीच गेला. छत्रीबरोबर चालायची पाळी मात्र चारशे वर्षं कोणी सोडली नाही. गावपण कशात असतं हे मला नीट सांगता येणार नाही, पण यादीपेक्षा त्या छत्र्यांखाली ते जास्त असावं.

आमच्या सप्ताहाचं सांगायचं राहिलं. आमच्या वाड्याची माणसं कमी पडू लागली आहेत. पेटीवाला मुलगा पुण्याला नोकरीला लागला, चुलतभावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाने यंदा दोन ते चारची पाळी आम्हाला द्या म्हणून देवस्थान समितीकडे अर्ज केला आहे. मंडळात वीसेक जणी आहेत, अर्ध्याहून जास्त मुंडकारांच्या घरच्या; महाजनांच्या यादीत त्यांच्यापैकी एकीचंही नाव नाही. समितीवरचे एक काका म्हणाले, रात्रीची कशाला, दिवसाची एखादी घ्या. त्यांची म्होरकी म्हणाली, "काका, दिवसाची सगळ्यांनाच हवी असते."

अर्जावर निर्णय सर्वसाधारण सभेत व्हायचा आहे. पुढच्या रविवारी, दुपारी साडेतीनला.